जी वाट मी गिरवली नाही

सकाळी फोन आला तेव्हा मी लोहारा गावातल्या माझ्या घरी अंगणात नळाला पाइप जोडत होतो. मोबाइलवर ‘उत्तमभाऊ टेलर’ असं नाव दिसलं, म्हणून उचलतानाच म्हणालो, “बोला, आज कोणतं तळं सापडलं?”  पलीकडून त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, बोलल्या. “ते गेले भाऊ. पहाटं छातीत दुखते म्हणले, पाणी मागतलं, अन्...”  पाइपातून पाणी वाहत राहिलं. शेजारच्या काकूंनी येऊन नळ बंद केला.

त्याला आता सात आठवडे झाले. अशा लेखात गेलेल्या माणसाबद्दल लिहावं, स्वतःबद्दल कमीत कमी, हे मला कळतं. पण उत्तमभाऊंबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलचं एक खरं आधी सांगावं लागतं, आणि ते मी बारा वर्षं कुणालाच सांगितलं नाही. मी जमीन मोजणीच्या खात्यात होतो. दोन वर्षांपूर्वी स्वेच्छेनं निवृत्त झालो. उत्तमभाऊंचं गाव पांढरकवड्याच्या सडकेवरून आत वळलं की लागतं. गावाचं आणि कार्यालयाचं नाव लिहीत नाही. चूक त्यांची नव्हती, माझी होती.

ते पहिल्यांदा आले ते कार्यालयाच्या खिडकीशी. गळ्यात शिंप्याची टेप तशीच लोंबत होती, काढायची राहून गेलेली. गावनकाशाची नक्कल पाहिजे म्हणाले. कारण विचारलं तर म्हणाले, “गाव पाहाचं हाये.” मी म्हटलं, गावातच तर राहता. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चुकीच्या मापाचा सदरा घालून बसलोय. “आतून राह्यतो सायेब. वरून कुठं पाह्यलं?”

नक्कल मिळाल्यावर पुन्हा आले, मग पुन्हा. प्रत्येक वेळी एखादा प्रश्न घेऊन. ही तुटक रेघ म्हणजे काय, ही दुहेरी तुटक रेघ म्हणजे काय. एकेरी तुटक, टिंबाटिंबांची, म्हणजे पायवाट, दुहेरी तुटक म्हणजे गाडीवाट, हे मीच त्यांना सांगितलं. एकदा वैतागून म्हटलं, एवढ्या खेपा कशाला घालता, मीच येतो एखाद्या रविवारी. गेलो, आणि पुढची बारा वर्षं जात राहिलो.

त्यांचं दुकान म्हणजे वस्तीच्या तोंडाशी एक खोली. दाराशी शिलाई मशीन, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि मध्ये कापड बेतायचं लांब टेबल. आठवडाभर त्या टेबलावर शाळेचे गणवेश आणि पायजमे असायचे. रविवारी कापड बाजूला व्हायचं आणि गाव पसरलं जायचं. माझ्याकडून घेतलेली नक्कल, वनखात्याच्या एका जुन्या नकाशाची झेरॉक्स, गावातले शेतकरी आबाजी यांच्या आजोबांच्या पेटीत सापडलेला जमीनबंदोबस्ताच्या काळातला अर्धा फाटका नकाशा, आणि मोबाइलवर उपग्रहातून दिसणारं गाव. हे सगळे वेगवेगळ्या मापाचे. बेतलेल्या कपड्याचा नमुना लहानमोठा करतात त्याच हिशेबानं उत्तमभाऊ ते एका मापात आणायचे. पातळ कागदावर उतरवायचे, विहिरी आणि शिवेचे दगड जुळवायचे, चार कोपऱ्यांना टाचण्या मारायचे आणि एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडाला धरायचे.

“तुमचं न् माझं काम एकच हाये, विलासभाऊ,” ते म्हणायचे. “मी माणसं मोजतो, तुमी वावरं मोजता. फरक येवढाच, माणूस फुगते अन् वावर आकसते.” मी काही उत्तर देण्याआधी पुढचं यायचं. “तुमच्या मोजणीनं सदरा शिवला ना, तर एक बाही शेजाऱ्याच्या घरी जाईन.” वहिनी आतून म्हणायच्या, “सायबाले चहा तरी पिऊ द्या आधी, मंग बाह्या काढा.”

त्या कागदांतून त्यांनी जे गाव काढलं ते गावातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्या रानाला सगळे ‘तळ्याचं वावर’ म्हणतात, तिथं खरोखर तळं होतं, आणि ते गाळानं भरत भरत आधी गवत, मग ज्वारी आणि शेवटी कपाशी झालं, हे त्यांनी दाखवलं. ‘आमराई’ नावाच्या तुकड्यात एकही आंबा नाही, पण जुन्या कागदावर झाडांच्या खुणा इतक्या दाट होत्या की शाई एकमेकींत मिसळली होती. नाल्यानं एका बाजूला जमीन खाल्ली होती आणि दुसऱ्या बाजूला ओकली होती. गावाची पांढरी, म्हणजे घरांची जागा, एकदा पूर्ण हलली होती. वस्ती मात्र प्रत्येक कागदावर गावाच्या त्याच अंगाला, त्याच अंतरावर होती. “गाव सरकलं तसं आमालेबी सरकवलं,” ते म्हणाले. “अंतर मातर बरोबर राखलं. येवढी नेमकी मोजणी तुमच्या खात्यालेबी जमली नसती.” हे बोलताना ते हसत होते. मला हसता आलं नाही.

पण हे सगळं ते ज्यासाठी शोधत होते ती एक पायवाट होती.

वस्तीची स्मशानभूमी नाल्याच्या काठी आहे. नाल्याला तिथं विळ्यासारखं वळण आहे. वस्तीतून सरळ आबाजींच्या दोन वावरांतून गेलं तर नाला ओलांडावाच लागत नाही, चार-पाच मिनिटांत माणूस पोचतो. सडकेनं गेलं तर पाऊण तास, आणि वाटेत दोनदा रपटा लागतो. रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, पावसाळ्यात जो पाण्याखाली असतो. उत्तमभाऊंच्या लहानपणी वस्तीची सगळी प्रेतं वावरांतल्या पायवाटेनं गेली. पुढे ती वाट नांगराखाली अरुंद होत गेली, मग नुसता धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, उरला, मग रानडुकरांसाठी आबाजींनी झटक्याची तार ओढली आणि धुराही गेला. त्यांची आई वारली ती पोळ्याच्या आसपास, भर पावसात. रपट्यावरून पाणी जात होतं. दुपारी गेलेल्या आईला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरात ठेवावं लागलं. “मायीच्या अंगावर माशा बसू नये म्हणून मी नवं लुगडं हलवत बसलो होतो,” एवढंच त्यांनी मला एकदा सांगितलं.

आबाजी वाईट माणूस नाहीत, हे इथं लिहायला हवं. उत्तमभाऊ त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि चार माणसांदेखत सांगितलं, “नकाशात वाट दाखव उत्तम. एक टिंब दाखव. त्याच दिवशी तार काढतो, माया हातानं काढतो. पण नुसतं ‘होती’ म्हणून कोणी वावर सोडते का?” उत्तमभाऊंना ते पटलं. पुराव्यानं बोलणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास होता. म्हणून ते गळ्यात टेप तशीच ठेवून आमच्या खिडकीशी आले होते.

मी दिलेल्या नकलेत वाट नव्हती. त्या नकलेवर ‘अस्सलबरहुकूम खरी नक्कल’ असा शिक्का होता आणि खाली माझी सही.

आता ते लिहितो. मी नोकरीला लागलो त्या पहिल्या उन्हाळ्यात जुने गावनकाशे नव्या फिल्मवर गिरवून घ्यायचं काम निघालं होतं. अस्सल नकाशे कापडावर चिकटवलेले, चार घड्या घालून वर्षानुवर्षं गठ्ठ्यात बांधलेले. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट, वर जुना नकाशा, त्याच्यावर फिल्म, आणि आम्ही तीन-चार नवे लोक शाईचं पेन घेऊन वाकलेले. घड्यांवर नकाशे फाटत, आणि कुणीतरी पूर्वी ते सुईदोऱ्यानं शिवलेले असत. दोरा कधीच कुजून गेलेला, टाक्यांची भोकं तेवढी ओळीनं राहिलेली. त्यांत धूळ आणि खळ बसलेली, त्यामुळे खालून उजेड आला तरी ती भोकं काळ्या टिंबांसारखीच दिसत. आम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, भोकं गिरवायची नाहीत. आणि शंका आली तर नकाशा उलटा करून बघायचा. भोक असेल तर पाठीमागच्या कापडावरही दिसेल, शाई असेल तर दिसणार नाही.

या गावाच्या नकाशावर घडीला अगदी लागून टिंबांची एक ओळ होती. मी ती बघितली. मला ती अजून दिसते... वस्तीच्या कोपऱ्यातून निघालेली, दोन वावरांमधून थोडी वाकत नाल्याकडे गेलेली. मला वाटलं, टाके. फिल्मला पट्ट्या लावून झाल्या होत्या, नकाशा उलटा करायचा तर सगळं पुन्हा जुळवावं लागलं असतं, आणि जेवणाची सुट्टी व्हायला आली होती. मी उलटा केला नाही. पुढे संगणकात नकाशे भरले ते आमच्या फिल्मवरून. म्हणजे मी जे गिरवलं नाही, ते सरकारदरबारी नव्हतंच.

एखाद्या शिंप्याला टाका आणि टिंब यांतला फरक दुरूनही कळला असता. टाके सारख्या अंतरावर पडतात, आणि कुणी घडी शिवताना वाकडं शिवत नाही. त्या टेबलावर माझ्या जागी उत्तमभाऊ असते तर ही वाट आजही असती. हा विचार माझ्या मनातून एक दिवस जात नाही.

ही चूक मला कळली ती त्यांच्या तोंडूनच. त्यांच्याकडे जाऊ लागलो त्या पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी बोटानं टेबलावर वाट काढून दाखवली. वस्तीच्या कोपऱ्यातून, दोन वावरांमधून, जरा वाकून, नाल्याकडे. “माय म्हणे, मधात एक हिवराचं झाड होतं, त्याच्यासाठी वाट वाकत होती.” माझ्या हातातला चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या वेळी मी अभिलेख कक्षात गेलो, गठ्ठा सोडला, नकाशा उलटा केला. पाठीमागचं कापड तिथं कोरं होतं. घडीवर टाके होते, पण ते वेगळे, सरळ रेषेत. त्यांच्या शेजारून टिंबं चालत गेली होती, वाकत. शाईची.

तेव्हा अस्सल माझ्या हातात होता. वरिष्ठांना एक टिपण लिहायचं, अस्सल जोडायचा, दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवायचा, एवढंच काम होतं. त्यातून माझी चौकशी झाली असती, कदाचित माझी बढती थांबली असती. मुलीचं इंजिनियरिंगचं पहिलं वर्ष होतं. मी स्वतःला सांगितलं, बढतीचा आदेश हातात आला की लिहू. नकाशा घडी घालून, पुन्हा गठ्ठ्यात बांधून ठेवला. गाठसुद्धा आधी होती तशीच मारली.

बढती झाली. मग वाटलं, आता नव्या साहेबांना रुळू द्यावं. दुसऱ्या पावसाळ्यात अभिलेख कक्षाचं छत गळलं आणि खालच्या रांगेतले गठ्ठे भिजले. आम्हाला कळलं तोवर कापड, कागद आणि खळ यांचा एक गोळा झाला होता. निकामी झालेल्या अभिलेखांची यादी केली, तिच्यावर तिघांच्या सह्या आहेत. त्यांतली एक माझी.

यानंतरही मी रविवारी उत्तमभाऊंच्या खोलीत जात राहिलो. हे कसं केलं ते मला सांगता येत नाही. पहिल्यांदा वाटलं की आता सांगून काय उपयोग, पुरावा तर गेला. मग त्यांच्याशी स्नेह इतका वाढला की तो जाईल याची भीती वाटू लागली. निवृत्त झाल्यावर भिण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा लाज उरली. वहिनी माझ्या मुलीच्या लग्नात आठ दिवस आमच्या घरी राहून पाहुण्यांचे ब्लाऊज शिवत होत्या. उत्तमभाऊंनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, “तुमी मले गाव दाखवलं.”

आणि गाव बघता बघता ते स्वतःवर संशय घेऊ लागले. हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. पहिली दोन-तीन वर्षं म्हणायचे, “वाट होती, मी चाललो हाये.” मग म्हणू लागले, “माय तर सांगे, होती.” एका रविवारी ते बराच वेळ उजेडाला धरलेले कागद बघत होते. मग टाचण्या काढता काढता म्हणाले, “विलासभाऊ, चार कागद एकीकडं अन् आमच्या मायचं बोलणं एकीकडं. नकाशाले काही आपल्या मायची दुश्मनी नाई. आमी लोकायच्या धुऱ्यावरून जात असू. लहान लेकराले धुराबी वाट वाटते.”

मी म्हटलं, “असं काही नाही. माणसं विसरत नाहीत अशी.”

“मग नकाशा विसरला काय?” ते म्हणाले.

वहिनी तेव्हा काज करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “सांगा की भाऊ. तुमी तर खात्यातले.”

मी म्हटलं, “नकाशात नाही तर... अवघड आहे.”

त्या दिवसापासून त्यांनी वाटेचं नाव काढलं नाही. शाळेच्या भिंतीसाठी गावाचा मोठा नकाशा करायला घेतला. एका कागदावर चारही काळ, चार रंगांत. मुलांना घेऊन शिव फिरायचे, बुजलेल्या विहिरीवर उभं करून विचारायचे, “पायाखाली काय हाये सांगा?” पोरं सांगायची, “माती.” ते म्हणायचे, “पाणी हाये लेकहो. फकस्त झाकलं हाये.” बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, गडी मजेत आहे. पण नाल्याच्या बाजूला ते मुलांना कधी घेऊन गेले नाहीत.

फोन आला त्या दिवशी मी पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता, पण वरच्या अंगाला पडतच असावा, कारण रपट्यावरून मांडीएवढं पाणी जात होतं. वंदना झाली, पंचशील झालं. तिरडी बांधून तयार होती आणि माणसं सडकेच्या कडेला उभी होती. आबाजी आले होते. थकलेत आता, काठी घेऊन चालतात. मी त्यांना बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. पहिला उन्हाळा, टाके, टिंबं, उलटा केलेला नकाशा, छत.  म्हटलं, “आबाजी, वाट होती. मी डोळ्यांनी बघितली आहे. तुम्ही म्हणाला होता, एक टिंब दाखव म्हणून.”

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. “समजते मले, सायेब. तुमची लय दोस्ती होती. मेलेल्या दोस्तासाठी माणूस काहीबी बोलते, मीबी बोललो असतो.” मी पुन्हा सांगू लागलो तर म्हणाले, “असं असतं तर तुमी बारा वर्षं काहून गप बसले असते? रविवारी रविवारी त्याच्याच घरचा चहा पीत?”

 जे खरं होतं ते खोटं वाटावं एवढा उशीर मीच केला होता.

आबाजी मग वहिनींकडे गेले. “बाई, पाणी कई उतरंन सांगता येत नाई. आजच्या दिवस तार सोडतो. माया वावरातून न्या उत्तमले.” वस्तीतली माणसं वहिनींकडे बघू लागली. त्या खाली बघत होत्या. म्हणाल्या, “नाई जी. ते म्हणत, जाईन तर वाट हाये म्हणून जाईन, कोणी सोडलं म्हणून नाई.”   आम्ही थांबलो. पाणी उतरायला चार वाजले. ज्या माणसानं दुसऱ्याच्या मापात एक सूत कमी-जास्त केलं नाही, तो पाच तास ओल्या सडकेच्या कडेला पडून होता, आणि मी त्याच्या पायाशी छत्री धरून उभा होतो. रपटा ओलांडताना खांदा देणाऱ्यांत मीही होतो. पाण्याखाली पाय घसरत होता. मला वाटत होतं, कुणीतरी मला बाजूला करावं. कुणी केलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी कार्यालयात जाऊन लेखी जबाब दिला. खुर्चीवर नवा अधिकारी आहे, मुलाच्या वयाचा, सज्जन. दोनदा वाचून म्हणाला, “सर, अस्सल नाही. नुसत्या आठवणीवर नकाशा दुरुस्त होत नाही, हे तुम्हालाच माहीत आहे.” मग जुन्या नकलेची प्रत माझ्या जबाबाशेजारी ठेवली आणि अवघडून विचारलं, “इथं तुम्ही खरी नक्कल म्हणून सही केलीय. इथं ती खोटी म्हणून सही केलीय. यातली कोणती सही धरायची?” जबाब त्यानं ठेवून घेतला आहे. त्याचं काय होतं ते मी इतकी वर्षं आतून बघितलं आहे.

वहिनींना मी पुण्यानुमोदनानंतर, म्हणजे त्यांच्या नावानं झालेल्या वंदनेच्या कार्यक्रमानंतर, सांगितलं. माणसं पांगली होती. त्या खोलीत टेबलाशी उभ्या होत्या.  माझं संपल्यावर म्हणाल्या, “त्यायले सांगाचं होतं तुमी. त्यायले येवढंच पाह्यजे होतं, की माय खोटी नोयती. तार निघो न निघो... मले सांगून आता काय करता?”

मग त्यांनी टेबलाखालून गुंडाळी काढली आणि पसरली. शाळेसाठीचा तो नकाशा. तळं निळं, आमराई हिरवी, जुनी पांढरी खडूनं भरलेली, नाल्याची चारही वळणं चार रंगांत. सगळं पूर्ण झालेलं होतं. फक्त वस्तीच्या कोपऱ्यापासून नाल्यापर्यंतचा पट्टा वेगळा दिसत होता. तिथला कागद खोडरबरानं घासून घासून पातळ, लवदार झाला होता. “कितीक डाव काढलं अन् खोडलं,” वहिनी म्हणाल्या. “काढत अन् बसून राहत. मंग म्हणत, पुरावा नाई तं रेघ नाई. पोरं खरं समजतीन. असं म्हणून खोडून टाकत.”

मी वाकून बघितलं. खोडलेल्या पेन्सिलीचा दाब कागदावर राहिला होता. टिंबं त्याच जागी होती. हिवरासाठी वाकलेली. त्यांनी अस्सल कधी पाहिला नव्हता, तरी सुताचा फरक नव्हता. ते चालले होते त्या वाटेनं. त्यांच्या पायांना ती पाठ होती, आणि माझ्या सहीवर विश्वास ठेवून त्यांनी पायांना खोटं ठरवलं होतं.

टेबलावर त्यांची पेन्सिल होती. मी ती उचलली. म्हटलं, “वहिनी, मी काढू? खाली लिहितो, मी पाहिली होती म्हणून. सही करतो.”

त्यांनी कागदावर तळहात ठेवला, त्या पातळ झालेल्या जागेवर.

“नका काढू,” त्या म्हणाल्या. “त्यायनं खोडलं ते इमानानं खोडलं. राहू द्या तसंच.”

मी पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी नकाशा गुंडाळला, नाडीच्या तुकड्यानं बांधला आणि मशीनवर जाऊन बसल्या. शाळेचे गणवेश शिवायचे राहिले होते. मी निघालो. नकाशा शाळेच्या भिंतीवर लागला आहे, असं परवा कळलं. बघायला मी गेलेलो नाही.